उरलेली मटकी

सोलापुरातल्या एका क्रीडासंकुलाच्या कमिटीनं कँटीनवाल्या बंदेनवाजला बजावलं, "उद्यापासून भजी बंद, कोल्ड्रिंक बंद. हितं फक्त पौष्टिक विकायचं." बिचाऱ्यानं कढई घासून घरी नेली आणि मोडाची मटकी, पपईच्या फोडी, ताक असं सगळं काचेमागं झकास मांडून तो गिऱ्हाइकाची वाट बघत बसला.

पोरं पोहून आली, काचेत डोकावली आणि ओल्या केसांनीच गेटाबाहेरच्या भज्याच्या गाड्याकडं पळाली. मागनं त्यांचे आईबाप गेले. कमिटीचे सेक्रेटरी तर त्याच गाड्यावरनं तोंड पुसत आत आले नि म्हणाले, "भाई, लई चांगलं काम चाललंय तुमचं. चालू ठेवा."

रोजचा माल रोज घरी परत यायचा. अन्न टाकायचं कसं? मग बंदेनवाज आणि त्याची बायको कमरबी, दोघं मुकाट्यानं मटकी नि पपईवरच रात्रीचं जेवण भागवायची. एकदा कमरबीनं हळूच विचारलं, "ती कढई मोडीत घालू का?"

चार महिन्यांनी त्याचा रिपोर्ट बघून डॉक्टर खुर्चीतच सरसावून बसले. "इतकी वर्षं गोळ्यांना दाद न देणारी शुगर एकदम नॉर्मल! वजनही उतरलंय. बंदेनवाजभाई, असं काय चालू केलंत?"



"चालू कुटलं, साहेब?" तो खाली बघत म्हणाला, "धंदा बसलाय की."