आवळलेले पट्टे

अनयच्या तेराव्याला कैवल्य अल गराफा वस्तीतल्या मालविकाच्या घरी आला, तो अनयचा स्नोबोर्ड घेऊनच. कतारच्या वाळूवर सराव करायचा, हिमशिखरं चढून बोर्डवरून उतरायचं, हे वेड दोघांचं. मोहिमेआधी दसऱ्याला मालविकानं नवऱ्याच्या बोर्डासोबत कैवल्यच्याही बोर्डाला हळदकुंकू लावलं होतं. “उतरताना पडला, वहिनी. पण आवडीचंच करताना गेला,” कैवल्य म्हणाला. हे सांत्वन ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. तिनं बोर्ड हिसकावला, आणि तिची नजर बूट अडकवायच्या पट्ट्यांवर गेली. अनयच्या दहा नंबरच्या बुटांसाठीचे पट्टे कुणीतरी लहान पायासाठी आवळले होते. “तुझा बोर्ड कुठाय?” “शिखरावरच मोडला.” मालविकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “म्हणजे याच्यावरून तू उतरलास, आणि तो पायी! त्यानं दिला, की तू घेतलास?” कैवल्य दारातले आपले सात नंबरचे बूट पायात घालू लागला.