उजळलेला फोटो

स्थळांसाठी फोटो काढायला येणारी मुलगी सिनेमातल्या नायिकेसारखी दिसावी, म्हणून मी न विचारताच तिचा रंग उजळतो. तीस वर्षांत कुणाची तक्रार आली नाही.

काल मयूरा आली. तिची आई नुकतीच गेली. हार घालायला म्हणून तिने आईचा लग्नाआधीचा फोटो आणला होता, माझ्याच स्टुडिओतला.

"काका, हिचा खरा रंग आणता येईल?"

"किती सावळी होती?"

बांगडी मागे सारून तिने मनगट स्क्रीनशेजारी धरलं. मी त्याच्याशी रंग जुळवत गेलो, तशी ती पुढे सरकत गेली.

"आता आई दिसली."

मग जुना फोटो उलटा ठेवत म्हणाली, "हा दाखवून सगळ्यांना सांगायची, मी मुळात एवढी गोरी होते. तो रंग परत यावा म्हणून शेवटपर्यंत क्रीम चोळत होती."