निम्म्या उंचीची दुलई

"माप निम्मं झालं, की काठ निम्मा, कापड पाव आणि कापूस आठवा हिस्सा!" लहानपणी ऐकलेला आत्याचा आवाज आठवत भानुदास शिंप्याने लेकीची दुलई शिवली होती. चंद्रावरच्या नोकरीसाठी, तिथल्या इवल्या जागेत मावावी म्हणून, कुमुदला यंत्राने निम्म्या उंचीचं केलं होतं. ती सुट्टीवर घरी आली होती आणि उद्या परत चंद्राकडे निघणार होती.

दुलईत ती थरथरत होती.

"माप चुकलं का गं?"

"नाही बाबा, अगदी बेतशीर आहे."

त्याने दुलई चिमटीत धरली. जाडीही निम्मी झाली होती. थंडी मात्र होती तेवढीच, आणि पाखराएवढा जीव तर लवकर गारठतो. त्याने आपली जाडजूड दुलई तिच्यावर पांघरली.

उबेत शिरताच कुमुदला हुंदका फुटला.

"बाबा, तिकडेही रोज कुडकुडते मी. मला परत मोठं व्हायचंय."