कमानीखालचा डबा

साहेब डबा घेऊन बोगद्यात शिरले, तेव्हा काका नव्या कमानीखाली मांडी घालून जेवायला बसलेले होते. डोंगर अंगावर येऊ नये म्हणून दर थोड्या अंतरावर अशी एक लोखंडी कमान उभी करावी लागे.

कमानीखाली जेवायचा नियम साहेबांचाच. या डोंगराचा काही भरवसा नव्हता. आज दगड घट्ट, तर उद्या नुसता भुसा. तज्ज्ञ येऊन गेले, यंत्रं आली, अंदाज मात्र चुकतच राहिले. शेवटी साहेबांनी फर्मान काढलं, की ज्यानं कमान तपासून पास केली, त्यानं आधी तिच्याखाली बसून जेवायचं. मगच खोदणारी माणसं पुढे जातील. जीव काय फक्त खोदणाऱ्यांनाच असतो?

कमानी तपासायचं काम काकांकडे होतं. सुरुवातीला त्यांनी सगळ्यांना अगदी जेरीस आणलं. हा बोल्ट सैल, तो जोड वाकडा, काढा पुन्हा! मुकादम दात-ओठ खायचा. काका कसेबसे चार घास गिळायचे आणि घाम पुसत बाहेर पळायचे. "घरी तुमची काकू वाट बघतेय रे, मला धडधाकट परत जायचंय," म्हणायचे. सगळे हसायचे.

अलीकडे मात्र एकही कमान परत गेली नव्हती. माणसांच्या हाताला वळण लागलं, असं साहेब सगळ्यांना अभिमानानं सांगत. वर्षापूर्वी काकू गेल्या, तरी काकांनी कामाला खाडा केला नाही, याचंही त्यांना फार कौतुक होतं.

"सरका जरा काका, आज मीही इथंच जेवतो."

"बसा की."

"आपला नियम आता सगळ्या बोगद्यांना लागू होणार. वरून मंजुरी आलीय."

"बरं झालं."

खोदणाऱ्यांची पाळी हसतखिदळत त्यांच्यासमोरून आत निघाली. "काका बसलेत ना, मग चला बिनधास्त!" एकजण ओरडला. साहेबांचा ऊर भरून आला. इतकी माणसं रोज आत जातात आणि रोज घरी पोचतात, याहून मोठं काय हवं?

वरून डब्यात चिमूटभर माती पडली. साहेबांनी ती बोटानं बाजूला केली.

"नव्या तपासनिसांना आता तुम्हीच तयार करायचं. आधी काय बघायचं? बोल्ट की जोड?"

काका सावकाश घास चावत राहिले. "पूर्वी दोन्ही बघायचो."

"आणि आता?"

"ही गेल्यापासून काहीच बघत नाही, साहेब," काका म्हणाले. "नुसता येऊन बसतो. रोज वाटतं, आज पडेल."