पाचवा गतिरोधक

फुटू पाहणाऱ्या चार सदस्यांच्या दारात एकेक गतिरोधक बांधला, की अविश्वास ठराव बारगळणार आणि खुर्ची वाचणार, हा सौदा सरपंच गुणाजीअण्णांना स्वस्त वाटला. निधी खड्डे बुजवायला आला होता. पण खड्ड्यांना मत नसतं. पाचवा गतिरोधक त्यांनी स्वतःच्या दारात घातला, सरपंचपदाला शोभेल असा उंच.

ठराव बारगळला. मिरवत बाहेर पडलेले अण्णा गळ्यातल्या हारासकट पंचायतीसमोरच्या खड्ड्यात कोसळले. कंबर मोडली.

दवाखान्याकडे निघालेली जीप पहिल्याच गतिरोधकावर आदळली.

"कुणाचा रे हा?" अण्णा कळवळले.

"मेंबर सिंधूताईंचा," ड्रायव्हर म्हणाला.

एकेका दारातला दणका बसेल तसा चारही सदस्यांचा त्यांनी ओळीनं उद्धार केला. मग जीपच थांबली.

"आता काय?"

"पुढं तुमचं दार आलं, अण्णा. दमानं घेतो, पण आपला जरा उंचच आहे. घट्ट धरा."

खुर्ची वाचली. किंमत तेवढी तिच्यावर बसणाऱ्या कमरेनं मोजली.