योरिसची जमीन

"अरे वाउटर, हात लावू नकोस! फावडं उपटलंस तर जमीन तुझी, आणि बांधही तुझ्याच गळ्यात!" गावकरी ओरडले.

वाउटरनं समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधात रोवलेलं फावडं उपटलंच. जमीन कसली डोंबलाची, छातीभर खारं पाणी होतं तिथं! बांध सांभाळणं झेपेना की मालकानं फावडं रोवायचं आणि चालू पडायचं, असा समुद्रापेक्षा खोलगट असलेल्या त्या मुलखाचा कायदा. शेजारच्या योरिसच्या विधवेनं, आलैतनं, तेच केलं होतं.

"खूळ लागलंय मेल्याला," बायका म्हणाल्या.

खूळ नव्हतं. वाउटरला त्याचं मन खात होतं.

त्याआधी स्पॅनिश फौजेनं लायडन शहराला वेढा घातला होता. स्पेनविरुद्ध उठलेल्या मुलखाचे पुढारी असलेल्या राजपुत्रांनी या लढाईपायी घरची चांदीची भांडी मोडली होती, सख्खे भाऊ गमावले होते. आता त्यांनी हुकूम सोडला: बांध फोडा, पाणी आत घ्या, आपली गलबतं त्यावरून जाऊन शहर सोडवतील. मुलूख हातचा जाण्यापेक्षा बुडालेला बरा. पुढे त्यांनी स्वतः तापानं अंथरूण धरलं, तरी हुकूम मागे घेतला नाही.

वाउटर बांध फोडणाऱ्यांत होता. "गावात बोलायचं नाही, शत्रूला सुगावा लागेल," मुकादमानं दटावलं होतं. वाउटरनं फक्त बायकोला, त्रेनला, सांगितलं, "पोरं घेऊन चर्चच्या उंचवट्यावर जा. चकार शब्द काढू नकोस."

पहाटे पाणी आलं. आलैत गाय घेऊन बाहेर पडली म्हणून वाचली. योरिस अंथरुणातच गेला. लायडन सुटलं, लोक नाचले. थंडीत त्रेनही तापानं गेली.

फावडं उपटल्यावर वाउटरनं बांध पुन्हा बांधला, पवनचक्की लावून पाणी उपसत राहिला. मधूनच आलैतकडे हेरिंग मासे न्यायचा. ती घ्यायची, पण मान वर करायची नाही. करेल कशी? नवऱ्याचा मारेकरी दारात उभा!

जमिनीवर पुन्हा गवत आलं, त्या दिवशी तो तिच्याकडे गेला. कधीकाळी मोडून वाकड्या बसलेल्या मनगटानं ती लोणी घुसळत होती.

"वहिनी, जमीन वर आली. तुमची तुम्ही घ्या."

"नको मला."

"माफ करा किंवा तोंडावर थुंका, पण ऐका. पाणी येणार हे मला ठाऊक होतं. माझी बायकापोरं तेवढी वाचवली. राजपुत्रांचा हुकूम होता, असं रोज मनाला सांगतो, पण पटत नाही हो. एका हाकेचं काम होतं. योरिसला मी मारलं."

तो ढसाढसा रडायला लागला. आलैतचे हात थांबले. तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

"भावजी, त्रेनच्या पोटात कधी एखादं गुपित राहिलं होतं का?"

"म्हणजे?"

"आदल्या दुपारीच येऊन सांगून गेली ती मला. शपथ घालून." आलैतनं वाकडं मनगट पुढे केलं. "हे योरिसनं मोडलेलं. निघताना तो घोरत होता. मी त्याला उठवलं नाही."