ओट्यावरची केतकी

शलाकानं ओट्यावर मुद्दाम लिंबू पिळलं. संगमरवराला आंबट सोसत नाही; सकाळी तिथं निस्तेज डाग पडला होता.

तो दगड म्हणजे मिहीरची पहिली बायको, केतकी. हल्ली अस्थी कुणी नदीत सोडत नसे. चुनखडीत मिसळून, भट्टीत प्रचंड दाबाखाली त्यांचा संगमरवर करून घेत. लग्न होऊन आल्यापासून शलाका केतकीवरच पोळ्या लाटत होती.

डागाळलेला दगड मिहीर काढून टाकेल, असं तिला वाटलं होतं. पण तो ऑफिसला दांडी मारून, मऊ फडक्यानं दिवसभर तो दगड हळुवार घासत बसला.

"माझ्या डोक्यावरूनही कधी असा हात फिरव ना," शलाका म्हणाली.

"फिरवतो हं," तो म्हणाला, पण हात काही दगडावरून उचलला नाही.